वाटीतले एक्केचाळीस उंबरे

यंदा गणपती ऑगस्टातच आले. बाहेर लिंडनची झाडं अजून हिरवीगार, आणि आमच्या घरात मखराचा पुठ्ठा हॉलभर पसरलेला. काल सूनबाई म्हणाली, "अहो आई, फ्रीजमधली ती वाटी वरच्या कप्प्यात सरकवू का? सारणाला जागा हवीय." मी म्हटलं, सरकव, पण हिंदकळू देऊ नकोस. तिनं दोन्ही हातांनी उचलून ठेवली. चार वर्षं झाली, त्या वाटीबद्दल आमच्या घरात कुणी काही बोलत नाही. नुसती सरकवतात.

भाद्रपद आला की मीही त्या वाटीभोवतीच फिरत राहते. म्हणून यंदा ठरवलं, लिहूनच काढू. माझं शाळेचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पुढचं सगळं वाचून आणि ऐकून झालेलं. तेव्हा बोलते तसंच लिहीन, सांभाळून घ्या.

माझं सासर रोह्याकडचं, भाताचं गाव. भाद्रपदात भात पोटरीला येतो, तेव्हा खाचरांवरून एक दुधासारखा, गोडूस वास येतो. तो वास आला की आमच्या सासूबाई म्हणायच्या, "चला, पंचमी आली." ऋषिपंचमीला आमच्याकडे बायकांनी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही असा नेम. नांगरलेल्या जमिनीतलं काही त्या दिवशी चालत नाही. परसातलं अळू, हातानं खणून लावलेले कंद, माठ, आणि भाताच्या जागी देवभात. देवभात म्हणजे कुणी न पेरलेला भात. तळ्याच्या कडेला आपला आपण उगवतो. सासूबाई मांड्यांपर्यंत पाण्यात उतरायच्या आणि लोंब्या ओरबाडून ओटीत घ्यायच्या. मी काठावर टोपली धरून उभी. आम्हा दोघींत एरवी फार गोडी नव्हती, पण त्या दिवशी असायची.

इथे मुलाकडे राहायला आल्यावर पहिल्या पंचमीला मी बटाटे उकडून खाल्ले. मिलिंद म्हणाला, "आई, जर्मनीत सगळं ट्रॅक्टरचं आहे. बैलाला कष्टच नाहीत. म्हणजे तू काहीही खाऊ शकतेस." तो हसला, सूनबाई हसली, आणि मीही हसले. 

आमच्या खाली दोन मजले क्रूझं आजोबा राहायचे. उंच, वाकलेले, बोलणं कमी. कुणी काही सांगितलं की "जा, जा" म्हणत मान हलवायचे; जा म्हणजे यांच्या भाषेत हो. शहराच्या कडेला त्यांचा भाड्याचा बागेचा तुकडा होता. इथे तशी रीत आहे. फ्लॅटमध्ये राहणारी माणसं अशा बागा घेतात, त्यात एक खोपटं, दोन सफरचंदाची झाडं आणि सगळ्यांना नियम सांगणारं एक मंडळ. क्रूझंच्या बागेत एक डबकंवजा तळं होतं. माझी नात सई तेव्हा आठ वर्षांची. ती शाळेतून आली की त्यांच्या मागे मागे बागेत. एक दिवस मीही गेले, तर तळ्यात माणसाएवढं गवत उभं आणि वर लोंब्या. मला वाटलं मी रोह्याला आले. मी म्हटलं, "अहो, हा तर देवभात." आजोबांना काय कळणार. ते म्हणाले, "जा, जा."

त्याची गोष्ट मला कळली ती डेलियाकडून. डेलिया म्हणजे क्रूझं आजोबांची विहीण. आजोबा तरुणपणी कॅनडात लाकूडतोडीच्या कामाला गेले होते. तिथे एका सरोवराच्या काठी ओजिब्वा या तिथल्या मूळ लोकांचं लहानसं गाव. त्या गावात डेलियाच्या वडिलांनी त्यांना थारा दिला आणि परत निघताना सरोवरातल्या भाताचं बी दिलं. तेच हे तळ्यातलं. पुढे आजोबांचा मुलगा येन्स बापाचं ते सरोवर बघायला म्हणून गेला आणि डेलियाच्या लेकीला लग्न करून इकडे घेऊन आला. त्या उन्हाळ्यात लेकीला मुलगा झाला, म्हणून डेलिया बाळंतपणाला आलेली. बुटकी, रुंद चेहऱ्याची, पांढऱ्या वेणीची बाई. मी पहिल्यांदा जिन्यात पाहिलं तेव्हा मराठीतच विचारणार होते, कुठल्या तुम्ही.

आमचं दोघींचं बोलणं इंग्रजीत. तिचं सावकाश, माझं तुटकं. त्यामुळे बरं जमायचं. दुपारी येन्सच्या बाळाला ढकलगाडीत घालून आम्ही बागेत जायचो, बाकावर बसायचो. मी विचारलं, "तुझं गाव किती उंबऱ्यांचं?" आमच्याकडे गाव असंच मोजतात, माणसं नाही मोजत. उंबरा म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तेव्हा तिला ते फार आवडलं. म्हणाली, "आमच्याकडे सरकार यादी मोजतं."

मग त्या यादीची गोष्ट. जुन्या काळी राणीच्या माणसांनी कागद आणला, त्यावर यांच्या म्होरक्यांनी खुणा केल्या. राणी म्हणजे तीच, आपल्या जुन्या रुपयावरची. डेलियाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुमच्याकडेपण आली होती का ती?" जणू दोघींची एकच खाष्ट सासू. मोठा मुलूख गेला आणि सरोवराच्या काठची एक पट्टी यांना राहिली. त्या पट्टीवर कोण राहू शकतं, त्याची यादी. डेलियाच्या थोरल्या बहिणीनं गोऱ्या माणसाशी लग्न केलं, तर तिचं नाव यादीतून काढलं. कायदाच तसा होता. मुलग्यांनी बाहेरची बायको आणली तर चालायचं, मुलींनी बाहेर लग्न केलं की नाव कापलं. बहीण वारली तेव्हा गावात पुरायलासुद्धा भांडावं लागलं. पुढे कायदा बदलला, कापलेली नावं परत घातली. डेलिया म्हणाली, "कागदावर गाव केवढं वाढलं. सगळे म्हणाले, बघा, लोक वाढतायत. मी संध्याकाळी बाहेर येऊन बघायची, धूर तेवढ्याच घरांतून."

मी म्हटलं, आमच्याकडे तर लग्न झालं की सगळ्याच पोरींचं माहेरचं नाव जातं, आणि वर आम्ही पेढे वाटतो. ती खूप हसली. हसताना दिसलं, तिच्या तोंडात पुढचे दोन दात नव्हते. लहानपणी पोरांना गावातून उचलून वसतिगृहाच्या शाळेत नेत, तिथे आपली भाषा बोललं की मार. ते दात तिथले. हे तिनं दात दाखवत, हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. तिची भाषा चांगली बोलणारे आता एका टेबलाभोवती मावतील एवढेच. तिनं स्वतःच्या लेकीला ती शिकवली नाही. म्हणाली, "मार नको बसायला, म्हणून." मग समोर पाहिलं. समोर सई आजोबांशी भराभर जर्मनमध्ये काहीतरी वाद घालत होती. मी तिला हाक मारली, "सई, ऊन लागतंय, टोपी घाल." सई वळून म्हणाली, "गेनाऊ, ग्लाइश." बरोबर, घालते लगेच, असं. आणि घातली नाही. डेलियानं विचारलं, "तुझी भाषा ती बोलत नाही?" मी म्हटलं, कळतं सगळं. ती म्हणाली, "हो. माझ्याही लेकीला कळायचं, आधी आधी."

त्यांच्या सरोवरातला भात गेला तो धरणानं. खाली कुठेतरी विजेसाठी बांध घातला, पाणी चढलं. तो भात उथळ पाण्यातला, दोन वर्षांत बुडून संपला. तो भात होता म्हणून हे लोक त्या काठाला येऊन राहिले होते. त्यांच्या एका महिन्याचं नावच भात काढायचा महिना. तो महिना म्हणजे आपला भाद्रपद, हे मी बोटांवर मोजून काढलं. आता गावातल्या पोरांनी वरच्या अंगाला एक उथळ खाडी शोधली होती, बांधाचं पाणी न पोचणारी. बी तेवढं हवं होतं. दुसरीकडचं मिळालं असतं, पण गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्याच सरोवराचं हवं होतं. ते साऱ्या जगात फक्त इथे उरलं होतं, हॅम्बर्गमधल्या एका डबक्यात. येन्सनं दोन्ही देशांच्या कचेऱ्यांना पत्रं लिहून परवानगीसुद्धा आणून ठेवली होती. आणि घाई होती, कारण आजोबांचे गुडघे गेलेले. ते मुलाकडे राहायला जाणार, घर मोकळं करणार, बाग सोडणार, हे सगळं त्याच महिन्यात.

सप्टेंबरच्या एका शनिवारी आम्ही भात काढला. तिच्याकडे होडीत बसून काढतात, एका काठीनं लोंब्या होडीवर वाकवायच्या, दुसरीनं झोडायच्या. इथे होडी कुठली. आजोबांची रबरी हवेची होडी फुगवली, त्यात डेलिया बसली आणि झोडायला मी माझी दोन लाटणी दिली. येन्स गुडघाभर पाण्यात उभा राहून होडी ढकलत होता. सई काठावरून ओरडून सूचना देत होती. दाणे होडीत पडत होते तेवढेच पाण्यात. मी म्हटलं, अगं सांडतंय. डेलिया म्हणाली, "ते पुढच्या वर्षाचं." लांबट, हिरवट काळे दाणे, टोकाला लांब कुसळ. दोन ओंजळी भरून दाणे निघाले. आजोबा खुर्चीवर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "जा." एकदाच.

दुसऱ्या दिवशी डेलिया, लेक, जावई आणि बाळ चार दिवसांसाठी येन्सच्या मावशीकडे समुद्रावर गेले. बाळ दाखवायचं होतं. आजोबांचं घर बांधाबांधीत, फ्रीज बंद केलेला. म्हणून डेलियानं बियाणं माझ्याकडे दिलं. ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात. म्हणाली, "तुझ्या फ्रीजमध्ये ठेव." एवढंच म्हणाली. तिला वाटलं, यापुढे काय सांगायचं. स्वयंपाकघरातल्या बाईला दूध नासू देऊ नको असं कुणी सांगतं का?

सोमवारी मी डबा उघडला. चिखलाचा कोंदट वास आला. फडकं ओलं, दाणे ओले.  बियाणं ओलं? आमच्याकडे बियाण्याचा भात चार उन्हं दाखवल्याशिवाय घरात येत नाही. मग तो पेंढ्याच्या मुड्यात घट्ट बांधायचा. सासूबाई एक एक दाणा दाताखाली धरायच्या. कटकन वाजला तर वाळला. पहिल्या वर्षी माझ्या हातून मुडा दमट राहिला होता, बी कुजलं, आणि ते त्यांनी मरेपर्यंत मला ऐकवलं. मनात म्हटलं, डेलिया घाईत होती, बिचारीचं राहून गेलं. आपण आहोत ना.

आणि हॅम्बर्गला त्या आठवड्यात कधी नव्हे ते ऊन पडलं. मी बाल्कनीत साडी अंथरली, दाणे पसरले, शेजारी बसून कबुतरं राखली. सई शाळेतून आली. बघितलं आणि म्हणाली, "आजी, डेअर राइस मुस नास ब्लाइबन." मी म्हटलं, हो गं बाई. ती परत म्हणाली. माझी बाही ओढली. तिसऱ्यांदा मोठ्यानं म्हणाली, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, बाल्कनीत खेळायची जागा अडली म्हणून रडतेय. मी तिच्या हातावर रव्याचा लाडू ठेवला आणि म्हटलं, "गेनाऊ." मला येणारे तीन जर्मन शब्द, त्यातला एक.

रात्री तिनं बापाला सांगितलं म्हणे. मिलिंद ऑफिसचं काही करत होता. तो तिला म्हणाला, "बियाण्यातलं आजीला जास्त कळतं. ती शेतातली आहे."

तीन दिवस उन्हं दिली. आजोबांच्या शेगडीतली राख चाळून चोळली. कडुनिंब कुठला मिळायला, म्हणून दोन तमालपत्रं घातली. लोणच्याची काचेची बरणी पुसून, वाळवून, त्यात भरलं, झाकणाला कागद लावला आणि सांगितल्याप्रमाणे फ्रीजमध्ये ठेवलं. बुधवारी गणपती बसले. संध्याकाळी डेलिया परत आली आणि लेकीबरोबर आरतीला वर आली. आरती झाल्यावर मी तिच्या एका हातावर मोदक आणि दुसऱ्या हातावर बरणी ठेवली. म्हटलं, बघ, कसं झालंय.

तिनं बरणी उजेडात धरली. झाकण काढलं. एक दाणा घेतला आणि दाताखाली धरला. कटकन वाजला. मला केवढा आनंद झाला, काय सांगू.

ती बूट काढायच्या स्टुलावर बसली. तिची लेक आधी मिलिंदकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. सई मखरामागे जाऊन उभी राहिली.  मग लेकीनं मिलिंदला जर्मनमध्ये हळू सांगितलं, आणि मिलिंदनं मला मराठीत. तो भात पाण्यात पडतो, पाण्यातच हिवाळा काढतो, पाण्यातच रुजतो. वाळला की मेला. आजोबांनी तो बोटीतून आणला तेव्हा सबंध प्रवासभर बरणीतलं पाणी रोज बदललं होतं, स्वतःच्या प्यायच्या पाण्यातून. हे त्यांनी सईला दहा वेळा सांगितलं होतं. सईनं मला तीन वेळा.

मी म्हटलं, तळ्यात सांडलेलं आहे ना, पुढच्या वर्षाचं. सकाळी लवकर उठून येन्स, डेलिया आणि मी बागेत गेलो. बाग सोमवारीच नव्या कुटुंबाला दिली होती. त्यांची मुलं लहान, तळ्याची भीती, म्हणून मंगळवारी गाळ उपसून नेला आणि वर माती भरली. त्या मातीवर ट्रॅम्पोलिन होतं. एक मुलगी उड्या मारत होती. ती आम्हाला "मॉर्गन" म्हणाली, सकाळचा नमस्कार. येन्सनं गाळ कुठे नेला ते विचारलं. कुणाला माहीत नव्हतं.

परत येताना बसमध्ये मी डेलियाचा हात धरला होता. मला माफी मागायची होती. सॉरी हा शब्द इथे पायावर पाय पडला तरी म्हणतात. तोच कसा म्हणायचा? आणि मराठीतला तिला कळणार नव्हता. तिनंच माझ्या हातावर थोपटलं. म्हणाली, "किती मेहनत केलीस." टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं, मी रडले तरी असते.

घरी आल्यावर तिनं विचारलं, आज जेवायला काय? मी सांगितलं, आज ऋषिपंचमी, बैलाच्या कष्टाचं चालत नाही. तिला ते सगळं समजावलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "आमच्याकडे बैल नव्हतेच कधी. म्हणजे आमची रोजच तुमची पंचमी." मग बरणी पुढे ओढली. "हे टाकायचं नाही. शिजव."

राख धुतली. तिनं ते माझ्या लोखंडी कढईत भाजलं, हातानं सारखं हलवत. चुलीवरचा चहा आणि तळ्याकाठचा चिखल यांच्या मधला असा एक वास घरभर झाला. मी खलबत्त्यात हलक्या हातानं कांडलं, हळदीकुंकवाला आणलेल्या छोट्या सुपात पाखडलं. सुपाचा आवाज ऐकून ती म्हणाली, "आम्हीही असंच. पण झाडाच्या सालीच्या थाळीत."

कढईत घालण्याआधी तिनं मूठभर दाणे बाजूला ठेवले होते. भात शिजेपर्यंत ती ते ताटात मांडत बसली. सई जवळ येऊन उभी राहिली. डेलिया एक एक दाणा ठेवत सांगायला लागली. हा माझा उंबरा. हा भावाचा. हा चर्चच्या शेजारचा, यात आता फक्त उन्हाळ्यात कुणी येतं. हा नर्सबाईचा. हा माझ्या मैत्रिणीचा, भाषा बोलणारी, तिला ऐकू येत नाही. हा जळालेला, पण बांधतायत. सरोवराची वळणं घेत घेत ताटात गाव झालं. सई मनातल्या मनात मोजत होती. शेवटी म्हणाली, "आइनुंडफीर्त्सिग." एक्केचाळीस. हे मात्र मला कळलं.

भात दोघींनी खाल्ला, नुसता, मीठ घालून. चव चांगली होती. हे लिहिताना लाज वाटते, पण होती.

डेलिया त्या महिन्याअखेरीस परत गेली. येन्सची परवानगीची पत्रं तशीच राहिली. घर सोडण्याआधी क्रूझं आजोबा मला जिन्यात दोनदा भेटले, दोन्ही वेळा ते "जा, जा" म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली गेले. पुढल्या वसंतात गेले बिचारे. डेलिया दर भाद्रपदात फोन करते. मी विचारते, उंबरे किती? ती सांगते, एक बंद झाला, दोन पोरं झाली, यादीवर माणसं वाढली. मैत्रीण गेली, टेबलाभोवतीची. खाडीचं मी कधी विचारत नाही, तीही सांगत नाही. परवा फोनवर तिनं मला तिच्या भाषेतलं एक वाक्य म्हणून दाखवलं. अर्थ विचारला तर म्हणाली, "काही नाही. आज बोलायला कुणी नव्हतं."

तर ती वाटी. त्या दिवशी ताटातलं गाव मला उचलवेना. बाकीचं सगळं घासलं आणि ते एक्केचाळीस दाणे वाटीत घेतले, पाणी घातलं, फ्रीजमध्ये ठेवले. मेलेलं बी पाण्यानं उठत नाही, एवढं शेतातल्या बाईला कळतं. कळून काय करायचं? उंबरा बंद झाल्याचं डेलिया सांगते तेव्हा मी वाटीतून दाणा काढत नाही. पाणी चार-पाच दिवसांनी काळसर होतं. मी विसरले तरी ते स्वच्छ झालेलं असतं. बरेच दिवस मला वाटायचं, सूनबाई करत असेल.

आज सकाळी पूजेआधी स्वयंपाकघरात गेले तर सई फ्रीजसमोर उभी होती. आता बारा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा उंच. वाटी तिच्या हातात होती. सिंकवर बोटं आडवी धरून जुनं पाणी ओतत होती, दाणा सांडू न देता. मी दारातच थांबले. मग विचारलं, दरवर्षी विचारावंसं वाटतं आणि विचारत नाही ते.

"सई, उगवेल का गं यातलं एखादं?"

तिनं मान वर केली नाही. नळ बारीक सोडला.

"नाही उगवणार, आजी," ती म्हणाली. मराठीत, स्वच्छ. आणि वाटी काठापर्यंत भरली.